घाणा आणि वही : संताजी जगनाडे यांचे दुपेडी जीवित

तुकारामांच्या अभंगांचा मूळ पाठ कोणता, हा प्रश्न जेव्हा जेव्हा उपस्थित होतो, तेव्हा अभ्यासकाला अखेर चाकणच्या एका तेल्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. संताजी जगनाडे हे नाव वारकरी परंपरेत तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक म्हणून आदराने घेतले जाते. त्यांची पुण्यतिथी सुदुंबऱ्यास होते आणि त्यांच्या नावाने अभंगही गाइले जातात. तथापि त्यांच्या जीविताची जी घडण आहे, तिचा स्वतंत्र विचार फारसा झालेला दिसत नाही. संताजी जन्मभर दोन कामे करीत होते. एक घाण्याचे, दुसरे लेखणीचे. चरित्रकारांनी पहिल्या कामाला जात मानले आणि दुसऱ्याला सेवा. त्यामुळे दोहोंतील कार्यकारणसंबंध दृष्टीआड राहिला. संताजींनी घाणा सोडला नाही, म्हणूनच वही टिकली, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार प्रथमच केला पाहिजे. अभंग उतरवून घेण्याच्या कामातून संताजींना द्रव्यप्राप्ती झाली नाही, मग त्याला व्यवसाय कसे म्हणावे? व्यवसाय म्हणजे केवळ मोबदल्याचे काम, अशी व्याख्या केली तर हा आक्षेप बिनतोड ठरेल. परंतु ज्या कामास कौशल्य लागते, जे नित्यनेमाने करावे लागते आणि ज्यात चूक झाल्यास ती दुसऱ्याला बाधते, त्या कामाला व्यवसायाचीच शिस्त असते. संताजींचे लेखन या अर्थाने व्यवसाय होते. त्याचा खर्च मात्र घाणा चालवीत होता.

१

संताजींचा जन्म चाकण येथे झाला. ८ डिसेंबर १६२४ ही जन्मतारीख आता रूढ झाली असून त्या गणनेनुसार २०२४ मध्ये त्यांच्या जन्माला चारशे वर्षे झाली. परंपरेनुसार वडिलांचे नाव विठोबा आणि आईचे मथाबाई. घराण्याचा सुदुंबऱ्याशीही निकटचा संबंध होता. मावळातले हे गाव चाकणहून तळेगावाकडे जाताना लागणाऱ्या परिसरात येते.

चाकण हे त्या काळी नुसते खेडे नव्हते. तेथे भुईकोट किल्ला होता, बाजारपेठ होती, आणि पुणे, सुपे, इंदापूर यांच्याबरोबर चाकणचे नाव शहाजीराजांच्या जहागिरीत येते. जेथे पेठ आणि ठाणे, तेथे तेलाला गिऱ्हाईक. घरोघरचा दिवा, देवळातील समई, स्वयंपाक, अंगाला लावावयाचे तेल, गाड्याच्या चाकाचे वंगण, हे सारे तेल्याच्या दारातूनच येई. अलुतेदारांच्या यादीत तेली येतो. गावगाड्याला त्याच्यावाचून एक रात्रही काढता येत नसे. तरीही प्रातःकाळी तेल्याचे दर्शन अशुभ मानणारी समजूत याच समाजात होती. देवापुढे जळणारे तेल पवित्र आणि ते काढणारा मनुष्य अशुभ, हा विरोध संताजींच्या जन्माबरोबरच त्यांच्या वाट्याला आला होता.

घाण्याचे काम सोपे नव्हते. तीळ, करडई, जवस, कारळे असे गळिताचे धान्य विकत घ्यावयाचे, निवडावयाचे, वाळवावयाचे. उखळीत ते घालून लाट फिरवावयाची. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला दिवसभर त्याच वर्तुळात चालवावयाचे. निघालेले तेल एकीकडे, पेंड दुसरीकडे, आणि दोहोंचा हिशेब वेगळा. कोणत्या घाणीला किती धान्य लागले, किती तेल सुटले, कोणाला उधार दिले, कोणाकडून धान्याच्या बदल्यात फेडून घ्यावयाचे, याची नोंद ठेवल्यावाचून हा धंदा चालत नाही. म्हणूनच संताजींना लहानपणी लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकविले गेले, असे परंपरा सांगते. हे शिक्षण पाठशाळेचे नव्हते. पुराणे वाचण्यासाठी ते दिलेले नव्हते. ते उधारीची वही लिहिण्यासाठी दिलेले होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या साध्या गोष्टीला पुढे फार मोठे महत्त्व आले.

२

संताजी पाच-सहा वर्षांचे असताना १६३० चा भीषण दुष्काळ पडला. याच दुष्काळाने देहूच्या तुकारामांचे दुकान बुडाले आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांच्या घरी महाजनकीचे वतन होते, शेती होती, सावकारी होती. म्हणजे तेही मूळचे दुपेडी जीवित जगणारे गृहस्थच. पण त्यांच्या बाबतीत एक पेड तुटला. वडिलांच्या वेळची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली आणि धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची तेवढी त्याच्याकडे दिली, ही कथा प्रसिद्ध आहे. देण्याघेण्याचे कागद नदीत टाकल्यावर तुकोबांची वाणी मोकळी झाली, असे भाविक मानतात.

तुकोबांचे कीर्तन ऐकल्यावर संताजींचे चित्त संसारातून उडाले. चाकण आणि देहू यांतील अंतर पायी एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तेव्हा संताजींचे वय सुमारे सोळा असावे. विवाह लहानपणीच झाला होता. पत्नीचे नाव परंपरेत यमुनाबाई असे येते. घाणा आणि घर सोडून तुकोबांच्या मागे जावे, असे या तरुणाच्या मनाने घेतले. परंपरा सांगते, की तुकोबांनी त्यांना परावृत्त केले. प्रपंच न सोडताही परमार्थ साधतो, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता.

वारकरी परंपरेत हा उपदेश नवा नव्हता. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. तेरचे गोरोबा चाकावर बसूनच नाम घेत राहिले. तथापि संताजींच्या प्रसंगाला वेगळी धार आहे. उपदेश करणाऱ्याचा स्वतःचा व्यापार बुडालेला होता. व्यापार तुटल्यावर घराची काय दशा होते, हे तुकोबांनी भोगले होते. म्हणून घाणा सोडू नको, हे सांगणे त्यांच्या तोंडून आले, तेव्हा त्याला अनुभवाचे वजन होते. संताजी परत फिरले. घाणा चालू राहिला आणि त्याच्या जोडीला कीर्तनात टाळ आला, मग लेखणी आली.

३

तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे महिपतींनी अठराव्या शतकात नोंदविली. वा. सी. बेंद्रे यांनी या सांगात्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या नावांकडे धंद्याच्या दृष्टीने पाहिले, तर एक उद्‌बोधक चित्र दिसते. चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी, सुदुंबऱ्याचे गवरशेट वाणी, कडूसचे गंगाराम मवाळ, लोहगावचे नावजी माळी, येलवाडीचे मालजी गाडे, चाकणचे संताजी तेली. कोणी गावाचे दप्तर लिहिणारा, कोणी दुकानदार, कोणी मळा कसणारा. केवळ कीर्तनावर पोट भरणारी ही मंडळी नव्हेत. दिवसा ज्याचे त्याचे काम आणि रात्री कीर्तनात साथ, असा हा मेळ होता.

या गोष्टीचा परिणाम तुकोबांच्या वाणीवर झालाच असला पाहिजे. राजाश्रयाकडे पाठ फिरविणे, कीर्तनाचे मोल घेणाऱ्यांवर टीका करणे, हे तुकोबांना शक्य झाले याचे एक कारण त्यांच्या भोवतीचा समुदाय स्वतःच्या हातावर जगणारा होता, हे आहे. ज्याची चूल दुसऱ्या कामावर पेटते, त्याला व्यासपीठावर लाचार व्हावे लागत नाही. एकाच वेळी दोन कामे करण्याचा पहिला लाभ हा स्वातंत्र्याचा आहे. या समुदायात तो कोणा एकाचा न राहता साऱ्या मेळ्याचा झाला.

या मेळ्यात लेखकाचे काम मुख्यतः दोघांकडे आले, गंगाराम मवाळ आणि संताजी. कुलकर्ण्यांसारखे लेखनाचे वतन असलेली माणसे सभोवती असताना एका तेल्याकडे हे काम यावे, हे लक्षणीय आहे.

४

संताजींनी अभंग ज्यात लिहिले, तिला आपण ‘वही’ म्हणतो, ‘पोथी’ म्हणत नाही. हा शब्दभेद महत्त्वाचा आहे. पोथी सुट्या पानांची, सोवळ्यात बांधून ठेवावयाची, पाठ करणाऱ्याने उलगडावयाची. तिच्यामागे पठणाची परंपरा आणि पंडिताचा अधिकार असतो. वही बांधलेली असते आणि ती दुकानातून आलेली आहे. उधारीची नोंद जिच्यात होते, तीच अभंगाची नोंद घेण्यास पुढे येते. संताजींच्या हाताला वहीची सवय होती.

हिशेब लिहिणाऱ्याच्या काही सवयी असतात. तो ऐकलेला आकडा सुंदर करीत नाही. गिऱ्हाइकाने पाच शेर तेल नेले असेल, तर शोभेसाठी त्याचे सहा करता येत नाहीत. नोंद तत्काळ करावी लागते, कारण उद्याची आठवण आजच्या नोंदीइतकी भरवशाची नसते. आपल्या शब्दाला मान नाही, दुसऱ्याच्या व्यवहाराला आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. संताजींच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वह्यांत शुद्धलेखनाचा संस्कार कमी आणि बोलीचे रूप अधिक आढळते, याचा उलगडा या सवयींतून होऊ शकतो. व्याकरणाच्या संस्कारात वाढलेल्या लेखकाला शब्द सुधारून लिहिण्याचा मोह आवरणे कठीण जाते. संताजींना तो मोह पडण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या एका व्यवसायाने त्यांना दुसऱ्या व्यवसायासाठी नकळत तयार केले होते. हा दुसरा लाभ होय.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. देहूच्या मंदिरात ‘भिजकी वही’ म्हणून एक वही जपलेली असते. वह्या नदीतून तरून वर आल्या, ही श्रद्धा आहे. दुसरी एक लोकश्रुती सांगते, की संताजी आणि इतर सांगात्यांच्या पाठांतरातून व नोंदींतून अभंग पुन्हा उभे राहिले. या दोन कथा एकमेकींना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही एकच गोष्ट सांगतात : एका जागी ठेवलेले शब्द बुडू शकतात, अनेक घरांत पसरलेले शब्द बुडविता येत नाहीत.

५

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांचे प्रयाण झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संताजी तेव्हा पंचविशीत होते. त्यांचे उरलेले आयुष्य अनेक दशकांचे आहे. चरित्रलेखनात या काळाकडे दुर्लक्ष होते, कारण यात चमत्कार नाही. वह्या सांभाळण्याचे खरे काम मात्र याच काळात झाले.

हा काळ शांततेचा नव्हता. १६६० मध्ये शाएस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने तो लढविला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. पुढेही मोगलांच्या स्वाऱ्यांची धामधूम या प्रदेशाच्या वाट्याला वारंवार आली. अशा धामधुमीत संताजींनी जिवावर उदार होऊन वह्या वाचविल्या, असे परंपरा सांगते. या वह्या पुढे तळेगावास जगनाडे घराण्यात राहिल्या. संताजींचे पुत्र बाळोजी यांनीही अभंगांच्या नकला केल्या.

मठात ठेवलेला ग्रंथ मठाबरोबर बुडतो किंवा मठाच्या मताप्रमाणे बदलतो. दरबारातील ग्रंथ दरबाराबरोबर जातो. घाण्याचे घर मात्र उठून दुसरीकडे गेले, तरी तेथे पुन्हा घाणा मांडता येतो आणि पेटाऱ्यात हिशेबाच्या वह्यांशेजारी अभंगाची वही ठेवता येते. धंद्याने घर टिकविले आणि घराने वही टिकविली. बापाचा धंदा मुलाकडे जातो, तशी बापाची वही मुलाकडे गेली. हा तिसरा लाभ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसरे काम पहिल्या कामाच्या आसऱ्याने पिढ्या ओलांडते.

या ठिकाणी एका गोष्टीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. घाणा हा एकट्या पुरुषाचा धंदा कधीच नव्हता. धान्य निवडणे, पाखडणे, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तेल मापून देणे, ही कामे तेल्याच्या घरी बायकांच्या हातची. संताजी रात्र रात्र कीर्तनात आणि लेखनात घालवीत असतील, तर दुसऱ्या दिवशीच्या घाण्याचा भार कोणी उचलला, हे सांगावयास नको. परंपरेने यमुनाबाईंचे केवळ नाव राखले. एका माणसाच्या दोन व्यवसायांमागे बहुधा दुसऱ्या माणसाचे नोंद न झालेले काम उभे असते, हे दुपेडी जीविताचा गौरव करताना विसरता कामा नये.

६

संताजींच्या नावावर काही अभंगरचना परंपरेने चालत आली आहे. तिच्यातील विशेष प्रसिद्ध अभंग घाण्याच्या रूपकाचे आहेत. घाण्याच्या निमित्ताने तुकोबा आणि संताजी यांच्यात अभंगांतून संवाद झाला, असेही सांगितले जाते. देह हा घाणा, त्यातून काढावयाचे ते ज्ञानाचे तेल, अशा वळणाने हे रूपक जाते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्यात अपूर्व असे काही नाही. देहाला घट, रथ, वस्त्र म्हणण्याची रीत जुनी आहे. परंतु घाण्याची निवड अपूर्व आहे. जो धंदा समाजाने अशुभ ठरविला, त्याचीच उपकरणे परमार्थाच्या भाषेत आणून बसविण्याचे हे धाडस आहे. झापड बांधून फिरणारा बैल ज्याने रोज हाकला आहे, त्याला संसाराच्या फेऱ्याचे रूपक ग्रंथातून शोधावे लागत नाही. घाणा सोडून संताजी कीर्तनकार झाले असते, तर हे अभंग बहुधा झाले नसते. झाले असते, तर त्यांत घाण्याचा वास उरला नसता.

संताजींनी सुदुंबऱ्यास देह ठेवला. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस तेथे पुण्यतिथीचा उत्सव होतो. अखेरची माती घालावयास स्वतः तुकोबा आले, अशी कथा आहे. ती न मिळेतो संताजींचा देह मातीने झाकला जाईना, असे भाविक सांगतात. ज्याने दुसऱ्याचे शब्द जन्मभर झाकू दिले नाहीत, त्याच्याविषयी लोकमानसाने अशी कथा रचावी, यात एक न्याय आहे.

७

संताजींच्या वहीला विद्वानांच्या जगात प्रवेश मिळाला तो विसाव्या शतकात. त्यापूर्वी १८६९ व १८७३ मध्ये विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी साह्याने इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा दोन भागांत प्रसिद्ध केली होती. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग होते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी तळेगावच्या जगनाडे घराण्यातील वह्या अभ्यासिल्या आणि त्यांच्या आधारे १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ छापला. यातील अभंगसंख्या तेराशेच्या आसपास आहे. म्हणजे प्रचलित गाथेच्या मानाने एक तृतीयांशाहूनही कमी.

या वह्यांतील कोणता भाग संताजींच्या हातचा, कोणता पुढील पिढीचा, अस्सल हे विशेषण कोठवर लावावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. गायनातून वाढलेल्या वाङ्मयाला एकच एक मूळ पाठ असतो, हे गृहीतच काहींना मान्य नाही. परंतु कोणतेही मत स्वीकारले, तरी वादाचा आधार म्हणून तेल्याच्या घरची वही मध्ये ठेवावीच लागते. तुकोबांचा पाठ ठरविण्याची चर्चा आज शक्य आहे, ती या वहीमुळे.

येथे महिपतींचे उदाहरण तुलनेसाठी घेण्यासारखे आहे. ताहराबादच्या या कवीकडे कुलकर्णपण होते. देवपूजेत असताना कचेरीतून बोलावणे आले आणि मानहानी झाली, तेव्हा त्यांनी लेखणी विठ्ठलापुढे ठेवून यापुढे ती संतचरित्रांखेरीज कशासाठीही उचलावयाची नाही, असा निश्चय केला, अशी आख्यायिका आहे. महिपतींचा मार्ग एका कामाचा. त्यातून ‘भक्तिविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) यांसारखे विस्तीर्ण ग्रंथ निर्माण झाले. संताजींकडून तेवढा विस्तार झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. दोन कामे करणाऱ्याच्या हातून एकाही कामाचा डोंगर उभा राहत नाही, ही त्याची किंमत आहे. मात्र नोकरीतल्या लेखणीने महिपतींना दुसऱ्याच्या हुकुमाखाली ठेवले होते, तर घाण्याने संताजींना कोणाच्याही हुकुमाखाली ठेवले नाही. दुसरे काम पोसणारे पहिले काम कोणत्या जातीचे आहे, त्यात मान किती आणि मोकळीक किती, यावर दुपेडी जीविताचे फलित अवलंबून असते.

संताजींचा प्रदेश आज ओळखू न येण्याइतका बदलला आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे आणि पुढे चाकणला कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मल्हारपंतांची चिखली आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. लाकडी घाण्याच्या जागी यंत्र आले आणि तेल्याच्या दारातले गिऱ्हाईक दुकानात गेले. पण या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी शिकविणाऱ्या कोणालाही रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येऊन बसणारा विद्यार्थी परिचित आहे. त्याच्या डोळ्यांवरची झोप पाहून, याने एक काहीतरी सोडावे, असा सल्ला देण्याचा मोह आपल्याला होतो. बहुधा तो नोकरी सोडू शकत नाही, म्हणून अभ्यास सोडतो.

अशा वेळी संताजींचे चरित्र केवळ भक्तीचे उदाहरण म्हणून सांगणे अपुरे आहे. यंत्रावरची नोंदवही अचूक भरणारा हात बोलीचा शब्दही अचूक टिपू शकतो. स्वतःच्या मिळकतीवर शिकणारा विद्यार्थी आपल्या मतासाठी कोणाचे तोंड पाहणार नाही. ज्या कामाला समाज वाङ्मयाबाहेरचे समजतो, त्याची उपकरणे तो वाङ्मयात आणू शकेल. मात्र त्याच्या पाळीचा भार घरात कोण उचलते, हेही आपण विचारले पाहिजे, आणि तासाची वेळ त्याच्या पाळीशी जुळवून घेणे आपल्या हातात असेल, तर ते केले पाहिजे. तुकोबांनी चाकणच्या त्या तरुणाला घरी परत पाठविले, पण कीर्तनात त्याची जागा राखून ठेवली. शिक्षकाने यातून घ्यावयाचे ते एवढेच.